मॅसिडोनियात पहिल्यांदा जेवायला बसताना : काय खावं, कधी खावं, कसं मागावं

उत्तर मॅसिडोनियात काय काय खायचं याच्या याद्या सहज मिळतात. त्यांत दहा-पंधरा पदार्थांची नावं असतात. पण त्यांतला कुठला सकाळचा, कुठला शुक्रवारचा आणि कुठला सप्टेंबरातला, हे कुणी सांगत नाही, आणि तिथल्या खाण्याची सगळी गंमत त्यातच आहे. दुपारी तीनला बेकरीत शिरलात तर गार, वातड झालेला बुरेक (सारण भरलेली थरांची पेस्ट्री) हाती येतो. तोच सकाळी सातला ट्रेमधून नुकता कापून मिळाला, तर पुढचे सगळे दिवस तुम्ही त्याच बेकरीच्या दारात उभे असता. म्हणून हा लेख दिवसाच्या क्रमाने लिहिला आहे. आधी सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि मग राजधानीच्या बाहेर.

एक खुलासा आधीच करतो. ग्रीसच्या उत्तरेलाही मॅसिडोनिया नावाचा प्रदेश आहे. इथे बोलतोय ते स्कोप्ये राजधानी असलेल्या देशाबद्दल. 2019 पासून त्याचं अधिकृत नाव उत्तर मॅसिडोनिया आहे. हा मुलूख पाचशेहून अधिक वर्षं, 1912 पर्यंत, ओटोमन साम्राज्यात होता. त्यामुळे बुरेक, केबाप, बक्लावा ही नावं तुम्हाला तुर्कस्तानातही भेटतील आणि शेजारच्या सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस, अल्बानियातही. पदार्थ मूळचा कुणाचा, या वादात पाहुण्याने जेवणाच्या टेबलावर पडू नये. त्या प्रश्नावर तिथे माणसं खरोखर दुखावतात. देशात अल्बेनियन समाज मोठा आहे, तुर्की समाजही आहे, आणि स्कोप्येच्या जुन्या बाजारातली किंवा तेतोवो शहरातली कितीतरी उत्तम खाणावळी त्यांच्याच आहेत.

पायरी 1 : निघण्याआधी थोडे शब्द पाठ करा

मेन्यू बहुधा सिरिलिक लिपीत असतो. मोठ्या शहरांत तरुण वेटर इंग्रजी बोलतात, पण बेकरीत आणि भाजी बाजारात शब्दच कामाला येतात.

शाकाहारी असाल तर दोन शब्दांवर सगळा प्रवास निभावतो. "बेझ मेसो" म्हणजे मांस न घालता. आणि त्याहून मोलाचा शब्द म्हणजे "पोस्नो", उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवारी आणि शुक्रवारी, ईस्टरच्या आधी सात आठवडे आणि 7 जानेवारीच्या नाताळाआधी काही आठवडे उपवास असतो. त्या काळात मांस, अंडी आणि दूधदुभतं वर्ज्य. कांदा, लसूण, कडधान्यं, भाज्या, भात, पाव, तेल मात्र चालतं. हा उपवास आजही पुष्कळ लोक पाळतात, त्यामुळे "इमाते ली पोस्नो?" (पोस्नो काही आहे का?) असं विचारलंत तर कुणाला नवल वाटत नाही. विचित्र आहाराचा पाहुणा म्हणून तुमच्याकडे कुणी बघत नाही, उलट स्वयंपाकघरात त्याचं उत्तर तयारच असतं. फक्त लक्षात ठेवा, पोस्नोमध्ये काही दिवशी मासे चालतात. म्हणून "बेझ रिबा", म्हणजे मासे नकोत, हेही जोडून सांगा.

मांसाहारी असाल आणि एखादं मांस वर्ज्य असेल तर हे शब्द बघा: "स्विन्स्को" डुकराचं, "गोवेद्स्को" किंवा "यूनेश्को" बीफ, "तेलेश्को" वासराचं, "यागनेश्को" कोकराचं, "पिलेश्को" चिकन. विचारायला अजिबात संकोच करू नका. मुस्लिम मालकांच्या खाणावळींत डुकराचं मांस नसतं, पण बीफ बहुतेक असतंच. ख्रिस्ती वस्तीतल्या खाणावळींत दोन्ही असतं.

बाकी "मोलाम" (कृपया), "ब्लागोदाराम" (आभार) आणि बिलासाठी "स्मेत्काता, मोलाम". हे शेवटचं पाठच करा, कारण तुम्ही मागेपर्यंत बिल येत नाही. टेबल रिकामं करायची घाई तिथे कुणी करत नाही. चलन देनार आहे, आणि एका युरोला साधारण 61 देनार मिळतात. हॉटेलांत कार्ड चालतं. बेकरी आणि बाजारासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

पायरी 2 : सकाळ बेकरीत घालवा

हॉटेलच्या नाश्त्यावर सकाळ वाया घालवू नका. बाहेर पडा आणि गल्लीतली बेकरी शोधा. बुरेक म्हणजे कागदाइतक्या पातळ पाऱ्यांचे थर, मध्ये सारण, आणि मोठ्या गोल ट्रेमध्ये भाजलेला पदार्थ. चौथाई कापून देतात. "सो सिरेन्ये" म्हणजे चीजचा, "सो स्पानाक" पालकाचा, "सो मेसो" खिम्याचा. वरचा थर खुसखुशीत असतो, खालचा तुपकट मऊ. सोबत "योगुर्त" मागायचंच. हे पिण्याइतकं पातळ, आंबटसर, बिनमिठाचं दही असतं आणि ग्लासातून येतं. त्याशिवाय बुरेक जड जातो. घट्ट दही हवं असेल तर त्याला "किसेलो म्लेको" म्हणतात. जुन्या बाजारात "आयरान" मिळतं, ते खारट असतं.

स्कोप्येची स्वतःची म्हणावी अशी न्याहारी आहे सिमित-पोगाचा. पावाच्या आत आणखी एक भाजलेली, थरांची पेस्ट्री घालून देतात, दुसरं काही नाही. वर्णन ऐकून कुणी तोंड वाकडं करेल, पण कामावर जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आली आहेत, आणि गरम असताना आतल्या-बाहेरच्या पोतातला फरक इतका सुखाचा असतो की सारणाची आठवण होत नाही. तीळ लावलेला, कड्याच्या आकाराचा पाव हवा असेल तर त्याचं नाव ग्येव्रेक.

सारणाबद्दल बोलायचं तर सिरेन्ये हे पांढरं, खारं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं चीज. ते गाईच्या, मेंढीच्या किंवा बकरीच्या दुधाचं असतं. पिवळ्या, घट्ट चीजला काश्कावाल म्हणतात. दिवसभरात ही दोन नावं तुम्हाला सतत भेटतील.

पायरी 3 : कॉफी, चहा, पाणी

कॉफीला घाई चालत नाही. एका कपावर दीड तास बसलेली माणसं दिसतील, तुम्हीही बसा. "तुर्स्को काफे" लहान कपात, गाळासकट येते. साखर उकळतानाच घालतात, त्यामुळे मागतानाच सांगावं लागतं. गाळ खाली बसू द्या, शेवटचा घोट कपात सोडा. तरुण मंडळी माकियातो पितात, आणि ती सगळीकडे चांगली मिळते.

"चाय" मागितलात तर आपला चहा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुधा वनस्पतींचा किंवा फळांचा काढा येतो. त्यातला "प्लानिन्स्की चाय", म्हणजे शार डोंगरासारख्या उंच भागांत उगवणाऱ्या झुडपाचा पर्वतीय चहा, मधासोबत घ्या, छान लागतो. काळा चहा हवा असेल तर जुन्या बाजारातल्या चहाच्या दुकानांत कमरेत निमुळत्या छोट्या काचेच्या पेल्यातून मिळतो.

स्कोप्येत नळाचं पाणी बेलाशक पिता येतं. शहराला राश्चेच्या झऱ्याचं पाणी येतं. हॉटेलात नुसतं "व्होदा" म्हणालात तर बुडबुड्यांचं खनिज पाणीही येऊ शकतं. साधं हवं असेल तर "नेगाझिराना" म्हणा.

पायरी 4 : दुपारी तावचे ग्रावचे

देशाचा राष्ट्रीय पदार्थ कोणता असं कुणालाही विचारा, हेच नाव ऐकू येईल. मोठा पांढरा राजमा मातीच्या पसरट परळात भट्टीत भाजलेला. तेतोवोच्या परिसरातला राजमा त्यासाठी सगळ्यात नावाजलेला.

कृती साधी आहे, वेळ मात्र लागतो. राजमा रात्रभर भिजवतात. पहिलं उकळीचं पाणी टाकून देतात. मग कांदा आणि सुक्या लाल मिरच्या घालून मंद आचेवर शिजवतात, दाणा मऊ व्हायला हवा पण फुटायला नको. दुसरीकडे तेलात कांदा परतून त्यात लाल मिरचीची पूड घालतात. ही पूड तिखटापेक्षा रंगासाठी आणि गोडसर चवीसाठी असते. सगळं परळात ओतून भट्टीत ठेवलं की वर पातळ, खरपूस साय धरते. चांगला तावचे ग्रावचे ओळखायचा तर चमचा घाला: वर कडसर कवच, आत दाणा अख्खा, आणि दाण्यांच्या मध्ये दाटसर रस. नुसतं सूप असेल किंवा कोरडा ठणठणीत गोळा असेल तर ती खाणावळ पुन्हा नको. परळ भट्टीतून थेट टेबलावर येतो आणि बराच वेळ धगधगत राहतो, त्यामुळे पहिला घास जपून घ्या.

घराघरात हा शुक्रवारचा पदार्थ, उपवासामुळे. शाकाहाऱ्यांसाठी तो पूर्ण जेवण आहे. सोबत पाव, भाजलेली हिरवी मिरची, कच्चा कांदा. मात्र मागताना "बेझ मेसो" सांगाच, कारण काही ठिकाणी त्यात धुरवलेल्या बरगड्या किंवा सॉसेज घालतात आणि मेन्यूत ते लिहिलेलं नसतं.

याशिवाय दुपारी "तुर्ली तावा" मिळतो, म्हणजे वांगं, भेंडी, मिरच्या, बटाटा अशा भाज्या बहुधा मांसासोबत भाजलेल्या. "पोल्नेती पिपेर्की" या भात आणि खिमा भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, त्यांचा पोस्नो अवतारही असतो. हिवाळ्यात गेलात तर "सार्मा" सोडू नका: आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि खिमा. 6 जानेवारीच्या संध्याकाळी, नाताळाच्या आदल्या रात्री, घरोघरी बिनमांसाची सार्मा करतात. त्याच रात्री नाणं लपवलेला पाव मोडतात, आणि ज्याच्या वाट्याला नाणं येतं त्याचं वर्ष चांगलं जातं अशी श्रद्धा आहे.

पायरी 5 : जुना बाजार, म्हणजे चार्शिया

वार्दार नदीवरचा दगडी पूल ओलांडला की स्कोप्येची स्तारा चार्शिया सुरू होते. दगडी गल्ल्या, मशिदी, तांबटांची आणि सोनारांची दुकानं, आणि कोळशाचा धूर. धुराच्या दिशेने चालत गेलात की केबापची खाणावळ येते. बोटाएवढे खिम्याचे तुकडे, आत फारसं काही नाही, मीठ आणि थोडे मसाले. केबाप नगांवर मागतात. दहाच्या प्लेटला "देसेत्का" म्हणतात, पाचही मिळतात. सोबत शेगडीवर उलटून रस शोषलेला पाव, चिरलेला कांदा, भाजलेली तिखट मिरची, आणि टेबलावर "बुकोवेत्स" ही भरड लाल मिरची. ती मोकळ्या हाताने घ्या. आपल्या जिभेला तिथलं जेवण कधीकधी सौम्य वाटतं, बुकोवेत्सने ते जुळून येतं. बिटोलाजवळच्या बुकोवो गावाची मिरची त्यासाठी नावाजलेली आहे.

शाकाहारी माणसाने केबापच्या खाणावळीत जायचं कशाला? तिथेच तावचे ग्रावचेही उत्तम मिळतो म्हणून. एकाच टेबलावर दोघांचं भागतं.

केबापनंतर गोड दुकानात, म्हणजे "स्लात्कार्नित्सा"त जा आणि "बोझा" मागा. मक्याच्या किंवा बाजरीवर्गीय धान्याच्या पिठापासून आंबवलेलं, दाट, फिक्या तपकिरी रंगाचं, गोड-आंबट पेय. दारू नव्हे, मुलंही पितात. पहिला घोट अनेकांना पटत नाही. ग्लास थंडगार असेल आणि दिवस उन्हाचा असेल तर दुसऱ्या घोटाला पटतं. सोबत पाकातली "तुलुम्बा" घ्या, किंवा "त्रिलेचे", दुधात भिजवलेला मऊ केक. भाताची खीर "सुतलियाश" नावाने मिळते, वर दालचिनी. हिवाळ्यात "सालेप" हे गरम, दाट, दुधाचं पेय मिळतं.

चार्शियाच्या पलीकडे मोठा बित पाझार आहे. नदीच्या दुसऱ्या बाजूला, शहराच्या मध्यभागी, मदर तेरेसांच्या स्मारकगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर झेलेन पाझार. मदर तेरेसा 1910 साली याच शहरात जन्मल्या. त्या वाटेने गेलात तर बाजारात पिशवी घेऊन जा: उन्हाळ्यात टोमॅटो, काकडी, कलिंगड, आणि उन्हाळा सरता सरता मिरच्या.

मिरच्यांचा ऋतू आणि आयवार

इथे पायऱ्या थांबवून थोडं सविस्तर लिहितो, कारण आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांचा शिजवून साठवलेला गर, न समजता मॅसिडोनियन जेवण समजत नाही.

मिरची अमेरिकेतून आली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली, ओटोमन व्यापाराने बाल्कनात. एकाच झाडाचं आपण तिखट केलं आणि त्यांनी गोड, जाड सालीचं, हातभर लांब निमुळतं फळ केलं. सप्टेंबर लागला की या लाल मिरच्यांची पोती गाड्यांच्या टपावरून घरोघरी जातात. दक्षिण-पूर्वेचा स्त्रुमित्साचा पट्टा भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. अंगणात, गच्चीत, इमारतीच्या मागच्या जागेत पत्र्याच्या चुली पेटतात आणि अख्ख्या गल्लीला भाजलेल्या मिरचीचा वास येतो.

मिरच्या साल काळी पडेपर्यंत भाजायच्या. गरम असतानाच झाकून ठेवायच्या म्हणजे वाफेने साल सुटते. मग एकेक मिरची हातात घेऊन साल, देठ, बी काढायचं. पाण्याखाली धरायची नाही, नाहीतर चव वाहून जाते. बोटं लालभडक होतात आणि काळ्या सालीचे कण नखांत अडकतात. हे काम एकट्याचं नाही, शेजारणी, सासवा-सुना, नातवंडं सगळे बसतात. निथळलेला गर भरड दळतात आणि रुंद पातेल्यात तेल घालून तासन्‌तास ढवळतात. लाकडी डाव तळातून ओढला की मागे वाट उमटते आणि ती लगेच भरून येत नाही, तेव्हा आयवार झाला. गरम असतानाच बरण्यांत भरतात. हिवाळ्यासाठी केलेल्या या सगळ्या साठवणीला "झिम्नित्सा" म्हणतात. त्यात आयवारसोबत लोणचवलेल्या भाज्या ("तुर्शिया"), आंबवलेला कोबी आणि फळांचे मुरांबे असतात.

खायचा कसा? पावावर लावून, वर सिरेन्येचा तुकडा ठेवून. एवढंच. आयवारला भाऊबंद आहेत. "पिंजुर"मध्ये मिरचीसोबत टोमॅटो, वांगं, लसूण असतं. "मालिजानो"त भाजलेल्या वांग्याचा भर असतो आणि तो आपल्या वांग्याच्या भरताच्या फार जवळ जातो, फक्त फोडणीऐवजी तेल, लसूण, कधी अक्रोड किंवा चीज. "लुतेनित्सा" यांतलं तिखट. बरणी घेताना "ब्लाग" म्हणजे सौम्य, "लुत" म्हणजे तिखट. "दोमाशेन", घरगुती, असेल तर तीच घ्या. कारखान्यातला आयवार वाईट नसतो, पण बाजारात एखाद्या आजींकडच्या पुनर्वापराच्या बरणीतला आयवार एकदा चाखला की फरक कुणी सांगावा लागत नाही.

शक्य असेल तर प्रवास सप्टेंबर-ऑक्टोबरात आखा. मिरच्या, द्राक्षांची तोडणी, अंजीर, नंतर डाळिंबं, सगळं एकदम. ऑगस्टमध्ये स्कोप्ये तापतं आणि भूक मरते.

पायरी 6 : संध्याकाळी आधी सॅलड आणि राकिया

नवख्या पाहुण्याची इथे सगळ्यात जास्त गफलत होते. तो बसतो आणि थेट मुख्य पदार्थ मागवतो. तिथली माणसं आधी सॅलड आणि राकिया मागवतात, आणि पुढच्या तासाभरात दुसरं काही मागवत नाहीत.

राकिया म्हणजे फळापासून गाळलेली दारू, इथे मुख्यतः द्राक्षाची ("लोझोवा"). ओकच्या पिंपात मुरलेली पिवळी असते, तिला "झोल्ता" म्हणतात. बाटलीतली 40 टक्क्यांच्या आसपास, घरगुती बरीच कडक. ती एका दमात रिकामी करायची नसते. छोट्या पेल्यातून, ओठ ओले करण्याइतके घोट, आणि प्रत्येक घोटावर सॅलडचा घास. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून "ना झ्द्रावये" म्हणायचं. खाली बघत पेला भिडवणं उद्धटपणाचं वाटतं. पेला रिकामा दिसला की यजमान भरतो, म्हणून नको असेल तेव्हा तळाशी थोडी ठेवा. कडाक्याच्या थंडीत साखर घालून गरम केलेली राकिया मिळते, ती सर्दीवरही घेतात. स्त्रुमित्साची "मास्तिका" बडीशेपेच्या वासाची असते, बर्फ टाकला की दुधाळ होते.

दारू घेत नसाल तर स्पष्ट सांगा. एकदा-दोनदा आग्रह होईल, तो प्रेमाचा असतो. कारण सांगितलं की थांबतो.

सॅलडात "शोप्स्का" सगळीकडे: टोमॅटो, काकडी, कांदा, आणि वर बर्फासारखं किसलेलं सिरेन्ये. "माकेदोन्स्का"त भाजलेल्या मिरच्या येतात. "तारातोर" म्हणजे दही, काकडी, लसूण, शेपू. उन्हाळ्यात मला हे सगळ्यांत आवडतं. शाकाहारी मंडळींनी दोन-तीन सॅलडं, पिंजुर, तळलेलं चीज आणि पाव एवढ्यावरच थांबलं तरी भरपेट होतं. मांसाहाऱ्यांसाठी पुढे "सेल्स्को मेसो", मशरूम आणि मांस परळात शिजवलेलं, किंवा आत काश्कावाल भरलेली खिम्याची मोठी टिक्की, "शार्स्का प्लेस्काविट्सा". ताटं मोठी येतात, दोघांत एक मागवा.

जेवणासोबत वाईन. लाल हवी तर "व्रानेत्स", गडद आणि भारदस्त. पांढरी सुवासिक हवी तर "तेम्यानिका". उन्हाळ्यात साधी "स्मेदेरेव्का" सोडा घालून पितात. आणि मेन्यूत "स्तानुशिना" दिसली तर चुकवू नका. हे कावादार्त्सी भागातलं देशी द्राक्ष आहे, वाईन फिकट आणि हलकी, दुसरीकडे जवळजवळ मिळत नाही.

पायरी 7 : स्कोप्येच्या बाहेर पडा

वाईन आवडत असेल तर तिक्वेश. वार्दारच्या खोऱ्यातला हा भाग, कावादार्त्सी, नेगोटिनो, देमिर कापिया, स्कोप्येहून साधारण 100 किलोमीटर. तिक्वेश वायनरी 1885 पासूनची आहे, लहान वायनरीही पुष्कळ आहेत. चव घ्यायला आधी फोन करून वेळ ठरवा आणि गाडी स्वतः चालवू नका. फेब्रुवारीत गेलात तर 14 तारखेला संत त्रिफुनचा दिवस असतो. त्या दिवशी वेली छाटतात आणि मुळाशी वाईन ओततात.

श्तिप या पूर्वेकडच्या शहरात "पास्त्रमायलिया" खा. होडीच्या आकाराची लांबट रोटी, वर खारवलेल्या मांसाचे चौकोनी तुकडे, शेवटी फोडलेलं अंडं. मांस हल्ली बहुतेक डुकराचं, चिकनचीही मिळते. तिथे दर शरदात तिच्या नावाने उत्सवही भरतो. सोबत तिखट लोणच्याची मिरची घेतल्याशिवाय तिची चरबी कापली जात नाही.

ओह्रिदला जायलाच हवं. स्कोप्येहून बसने साधारण तीन-साडेतीन तास. सरोवर आणि शहर दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत. तिथे प्रत्येक मेन्यूत ओह्रिद ट्राउट दिसेल. हा मासा जगात फक्त याच सरोवरात आहे, आणि बेसुमार मासेमारीने तो इतका घटला की 2004 मध्ये काही वर्षांसाठी मासेमारीवर बंदी घालावी लागली. माझी कळकळीची विनंती आहे, सरोवरातून चोरून पकडलेला मासा मागवू नका. "ओद रिब्निक?", म्हणजे मत्स्यशेतीतला आहे का, असं विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं काही घ्या. "प्लाशित्सा" हा छोटा तळलेला मासा चांगला लागतो. त्याच्याच खवल्यांच्या लेपापासून प्रसिद्ध ओह्रिद मोती बनवतात.

मासे खात नसाल तर ओह्रिदमध्ये "ग्योमलेझे" शोधा. पातळ पिठाचा एक थर ट्रेमध्ये ओतायचा, वर निखाऱ्यांत तापवलेलं लोखंडी झाकण ठेवायचं, तो थर भाजला की दुसरा ओतायचा. असं करत करत तास जातात, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं. दह्यासोबत किंवा लसणाच्या पाण्यासोबत खातात. थरांमध्ये डुकराची चरबी लावतात का, हे आधी विचारून घ्या. तिला "मास्त" म्हणतात.

वाटेत क्रुशेवो लागलं तर तिथली लोकुम नावाची मऊ मिठाई घ्या, गुलाबाची किंवा अक्रोडाची. मेंढपाळांच्या मावरोवो-गालिच्निक भागात मेंढीचं चीज, आणि प्रेस्पा सरोवराच्या बाजूला सफरचंदं.

पायरी 8 : कुणी घरी बोलावलं तर

जाच. बूट दाराशी काढा, घरात वापरायला सपाता मिळतील. रिकाम्या हाताने जाऊ नका. मिठाईचा डबा, कॉफीचं पाकीट, किंवा इथून नेलेला काही खाऊ चालतो.

पहिल्यांदा "स्लात्को" येईल. ट्रेमध्ये काचेची वाटी, त्यात पाकात मुरलेली अख्खी फळं: हिरवी अंजिरं, चेरी, कलिंगडाची साल. बाजूला चमचा आणि थंड पाण्याचा ग्लास. एकच चमचा घ्यायचा, वर पाणी प्यायचं, मग कॉफी येते. वाटीभर खायची वस्तू नाही ती. यजमान "पोवेलेते" म्हणत ताट पुढे सरकवत राहतील. जेवण सुरू करताना "प्रियात्नो" म्हणा. ताट पूर्ण रिकामं केलंत तर ते पुन्हा भरतं, हे सांगायला नको. शाकाहारी असाल तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं तर ज्या बाईने दिवसभर खपून मांस शिजवलं, तिला वाईट वाटतं.

पायरी 9 : परतताना काय आणावं

आयवार ही लगदा-वस्तू आहे, हातातल्या सामानात 100 मिलिलीटरवर चालत नाही. बरणी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत मध्यभागी ठेवा. घरगुती बरणीचं झाकण सैल असू शकतं, चिकटपट्टी लावा. भारतात एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. एक व्रानेत्स आणि एक राकिया आरामात बसते. पण घरगुती राकिया प्लास्टिकच्या बाटलीत भेट मिळाली तर ती तिथेच मित्रांमध्ये संपवा, लेबल नसलेली दारू विमानतळावर अडते. बुकोवेत्स, पर्वतीय चहा आणि तेतोवोचा राजमा मात्र हलके, कोरडे. राजमा अर्धा किलो आणलात तर घरच्या ओव्हनमध्ये कुठल्याही मातीच्या परळात तावचे ग्रावचे जमतो. फक्त पहिलं पाणी टाकायचं विसरू नका, आणि कांदा मोजून घालू नका, भरपूर घाला.